मुक्या भोंग्यांची जोडी

"तोंड उघडं ठेवा रे सगळ्यांनी!" मामा ओरडला. "आणि कानात बोटं घालू नका. चार महिने खपलोय मी, जरा ऐका तरी!"

"तोंड कशाला उघडं?" मुंगूसने विचारलं.

"माशा जायला," मिरची म्हणाली.

मुंगूस म्हणजे मिरचीचा धाकटा भाऊ. वय दहा, अंगाने काडी, आणि भोक दिसलं की त्यात डोकं घालायची खोड. मिरची तेरा वर्षांची. हे नाव का पडलं असं तिला कुणी विचारत नसे. विचारणाऱ्याला उत्तर लगेच मिळायचं. दोघं सुट्टीला मामाकडे आली होती. मामाचा मुलगा कासव बारा वर्षांचा. बोलायच्या आधी तो इतका विचार करायचा, की तोवर बाकीच्यांचा विषय बदललेला असायचा.

मामा सुतार. वीस वर्षं त्याने कपाटं केली, नुसती कपाटं. पण आज कारखान्यातली सगळी अर्धवट कपाटं भिंतीला टेकवलेली होती आणि मधोमध उभा होता एक लाकडी राक्षस! मामापेक्षा वीतभर उंच. पुढे एवढं मोठं चौकोनी तोंड, की मुंगूस आत उभा राहिला असता. आतल्या फळ्या तिरक्या वळत वळत अंधारात गेलेल्या. शेजारी भिंतीकडे तोंड करून तसाच दुसरा.

"हा भोंगा," मामाने थाप मारली. "लांब हाक मारताना आपण तोंडाशी दोन हात धरतो ना? तेच हे. फक्त खर्जाला, म्हणजे एकदम जाड आवाजाला, ते हात फार लांब लागतात. आतला रस्ता सरळ ठेवला असता तर भोंगा शेजारच्या शिंप्याच्या दुकानात निघाला असता. म्हणून त्याची घडी घातलीय. तिकडे आत, अरुंद टोकाला, अठरा इंची स्पीकर बसलाय. तो एवढंसं ढकलतो. आणि इथं तोंडापर्यंत येता येता त्याचं होतं..."

"काय होतं?"

मामाने बटण दाबलं.

कानाला आधी काही आलंच नाही. आधी पायाखालची फरशी कुणीतरी खालून ठोठावली. मग पोटात काहीतरी हललं. मग डब्यातले खिळे उठून नाचायला लागले, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि जमिनीवरचा लाकडाचा भुसा हळूहळू एका बाजूला सरकायला लागला, जसा काही जिवंतच! मुंगूसचं तोंड उघडं होतंच, ते आणखी उघडलं. मिरचीला बोलायला शब्द सापडेना. असं याआधी कधी झालं नव्हतं. कासवाने भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून ठेवली.

मामाने बटण बंद केलं. शांतता इतकी मोठी वाटली की तिघं एकमेकांकडे बघत राहिली.

"मामा," मिरची शेवटी म्हणाली, "हे तू केलंस? तू? कपाटवाल्याने?"

मामाचे कान लाल झाले. "पुस्तकात बघून केलं गं. पहिला जमला, मग त्याच्यासमोर दुसरा उभा केला."

तेवढ्यात शेजारचा शिंपी दारात हजर. गळ्यात टेप, हातात अर्धी बाही. "अहो, माझं मशीन आपोआप शिवायला लागलं! एकाने ही गत, तर दोन्ही एकदम वाजवलेत तर मी दुकान पाठीला बांधून पळून जाईन हां!"

"नाही वाजवणार," मामा हसत म्हणाला. "इथं एकेकच. दोन्ही एकदम वाजणार ते शनिवारी, मैदानावर."

"आधी दारातून तर जाऊ देत," मामी म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. दोन्ही भोंग्यांना काळा रंग तिने दिला होता, तीन तीन हात, एक बोटभर जागा सोडली नव्हती. "माणूस जगाला दारं बसवून देतो, आणि स्वतःच्या दारातून जाणार नाही असलं काहीतरी करून ठेवतो!"

खरंच होतं ते. शनिवारी सकाळी मामाला आपल्याच कारखान्याची चौकट उखडावी लागली.

मैदान नदीकाठी होतं. संध्याकाळी तिथे गाण्यांचा मोठा मेळावा भरणार होता. एका टोकाला मंच, मंचाच्या पुढ्यात आता दोन काळे भोंगे शेजारी शेजारी, आणि बाजूला साउंडवाले काका त्यांच्या छोट्या तंबूत, आवाज मोठा करायच्या मशीनपाशी. काकांच्या शर्टाच्या खिशात पाच पेचकस होते, छातीवर पदकं लावावीत तसे. भोंग्यांमागे वाकून त्यांनी भराभर वायरी जोडल्या, एकदाही कुणाला काही विचारलं नाही.

"वीस वर्षं हेच करतोय," ते मामाला म्हणाले. "तुम्ही लाकडाचं बघा, विजेचं मी बघतो."

मेळावा भरवणाऱ्या बाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या. मामी होती. मामा तर कपाळावरचा घाम पुसून पुसून कपाळच पुसून टाकेल असं वाटत होतं.

"तोंडं उघडा!" मुंगूस ओरडला.

काकांनी बटण दाबलं.

गाणं लागलं. मंचावर टांगलेल्या छोट्या स्पीकरांतून गाणारीचा आवाज छान आला. आणि खर्ज?

खर्ज नाहीच!

पायाखाली काही नाही, पोटात काही नाही. डब्यात कुणी हरभरे हलवावेत तसा ठेका येत होता. काकांनी एक बटण फिरवलं, आणखी फिरवलं, टोकापर्यंत फिरवलं. भोंगे मुके!

"हे तुमचे भोंगे?" बाई म्हणाल्या.

"कारखान्यात वाजले होते," मामा म्हणाला. "खिळे नाचले होते, बाई."

"खिळे नाचून काय करू मी? इथं संध्याकाळी हजार माणसं यायचीत."

"लाकूडच चुकलंय," काका म्हणाले. "कपाटं करणाऱ्याने कपाटं करावीत."

"वायरी बघा ना तुमच्या!" मामी भडकली.

"वायरी? माझ्या वायरी? वहिनी, वीस वर्षं..."

"आमचीपण वीसच आहेत!"

तिघंचौघं एकदम बोलायला लागली. गाणं तिकडे चालूच. या भांडणात मुंगूस एका भोंग्याच्या मागून दुसऱ्याच्या मागे निघाला होता, भोक शोधत. त्याचा पाय वायरीत अडकला. वायर भोंग्यातून सटकली, मुंगूस तोंडावर आपटला.

आणि धम्म! धम्म! धम्म!

जमीन हलली. तंबूचं कापड फडफडलं. मंचावर पाण्याची बादली होती, कासव तिच्याशेजारी बसला होता. बादलीतल्या पाण्यावर गोल गोल वळ्या उठल्या.

"कुणी ओढली वायर?" काकांनी झेप घेऊन सगळंच बंद केलं. "पोरांना कुणी आणलं इथं? चालू वायर उपटली की धप्प होतंच! मशीन जळलं असतं माझं!"

"पण काका, ते धप्प..." मिरची म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस! चला, निघा! तंबूच्या आसपास दिसलात तर बघा!" त्यांनी वायर परत होती तशी जोडून टाकली.

बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. "चार वाजता दुसरे स्पीकर घेऊन ट्रक येईल. तोवर हे इथून हलवा. माफ करा."

भोंग्याच्या कडेवरून मामाने एकदा हात फिरवला, मग म्हणाला, "टेम्पो बघून येतो. उद्या करवत लावतो याला. प्लाय चांगला आहे, तीन कपाटं निघतील."

"मामा, नको!" मुंगूस रडायच्या बेतात आला.

"पुरे झालं रे. माणसाने आपल्याला येतं तेच करावं." आणि तो मान खाली घालून गेला. मामी त्याच्यामागे.

तिघं मैदानाच्या कडेला झाडाखाली बसली. मिरची एकेक दगड उचलून नदीत फेकत होती, आणि प्रत्येक दगड काकांच्या डोक्यावर पडतोय असा चेहरा करत होती.

"ताई, माझ्यामुळे झालं का गं?" मुंगूसने विचारलं.

"गप रे. तुझ्यामुळे झालं ते धप्प. आणि ऐक! वायर उपटली की धप्प होतं म्हणे. एकदा होईल ना? मी मोजलं. काका बंद करेपर्यंत पाच वेळा झालं. आणि गाण्याच्या ठेक्यात झालं!"

कासव तोंडात काडी धरून बसला होता. बाकी दोघांना वाटलं झोपला. मग तो म्हणाला, "दोन्ही भोंगे वाजत होते तेव्हा बादलीतलं पाणी गप्प होतं. एक बंद पडला तेव्हा हललं."

"म्हणजे?"

"म्हणजे एक अधिक एक शून्य. आणि एक म्हणजे एक."

मिरचीचा हातातला दगड हातातच राहिला. "कासवा! एक बंद केला की आवाज वाढतो? असं कसं?"

कासवाने काडी या गालातून त्या गालात नेली. "झोका," तो म्हणाला. "तू मागून ढकललास आणि मीही मागून ढकलला, तर मुंगूस आभाळात. पण तू मागून आणि मी पुढून, एकाच वेळी ढकलला तर?"

"तर मी जागच्या जागी!" मुंगूस ओरडला. "आणि वर चिरडणार!"

"तसंच. एक भोंगा हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढत असणार."

"असणार म्हणून काका ऐकणार नाहीत," मिरची उठून उभी राहिली. "त्यांना डोळ्यांनी दाखवायला पाहिजे. कसं दाखवायचं?"

कासवाने पुन्हा काडी फिरवली. मिरचीला ती काडी उपटून त्याच्या कानात खुपसावीशी वाटली, पण ती थांबली. सुट्टीतला तिचा हा सर्वांत मोठा पराक्रम होता.

"बॅटरी," कासव म्हणाला. "बाबा नवा स्पीकर आणला की असंच तपासतो. मशीनमधून काढलेल्या वायरीच्या टोकांना छोटी चौकोनी बॅटरी लावायची. स्पीकरचा पडदा एकदाच हलतो, बाहेर नाहीतर आत. पण आपला पडदा तर पार आत, अरुंद टोकाच्या मागे. तिथं जाणार कोण?"

दोघांनी मुंगूसकडे बघितलं. मुंगूस आधीच चप्पल काढत होता.

एक वाजला. काका मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळच्या बाकावर डबा उघडून बसले होते. मशीन बंद होतं आणि वायरी त्यांनी स्वतःच मशीनमधून काढून तंबूत जमिनीवर टाकल्या होत्या. कासव तंबूत शिरला. त्याच्या खेळण्यातल्या गाडीची बॅटरी त्याच्या खिशात होती. मिरची भोंग्यांपुढे पहारा करायला उभी राहिली, आणि मुंगूस एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पतंगाच्या कागदाची पट्टी घेऊन डाव्या भोंग्यात शिरला.

आधी तो चालत गेला. मग वाकून. मग गुडघ्यांवर. पहिल्या वळणानंतर मैदान दिसेनासं झालं. ओल्या गोंदाचा आणि ताज्या लाकडाचा वास. दोन्ही बाजूंच्या फळ्या जवळ जवळ येत होत्या, आणि गुळगुळीत होत्या. मामाने आतून, जिथं कुणी कधी बघणार नाही तिथंही, काचकागद मारला होता. बाहेर भोंग्याच्या छतावर एक चिमणी टुणटुण चालली, तर वाटलं कुणी बूट घालून फिरतंय. मुंगूसने श्वास सोडला. तो श्वास त्याच्या कानाजवळून पुढे गेला, मोठा होत होत गेला, जसा काही दुसऱ्याच कुणाचा. मुंगूसला एकदम वाटलं, आपण कुठल्या तरी झोपलेल्या प्राण्याच्या घशात आहोत, आणि तो प्राणी चांगला आहे.

दुसऱ्या वळणावर खांदे अडकले. समोर आडवी फट, मागे काळोख. मुंगूसने हात लांब करून पट्टी फटीपुढे धरली.

"ताई," तो कुजबुजला, "पोचलो. इथं टॉर्च असूनही लय अंधार आहे."

आणि बाहेर मिरची ताडकन उडाली! कारण ती कुजबुज भोंग्याच्या तोंडातून केवढीतरी मोठी होऊन बाहेर आली होती आणि मैदानभर पसरत गेली होती: लय अंधार आहे... नदीकाठचा कुत्रा उठून उभा राहिला. फाटकाजवळ काकांचा घास हातात थांबला.

"कोण बोललं?" काकांनी इकडेतिकडे बघितलं. वर आभाळातही बघितलं.

"मुंगसा, गप!" मिरची दातओठ खात म्हणाली. "कासवा, लाव बॅटरी!"

"लाल टोक बॅटरीच्या अधिकला," कासव तंबूतून म्हणाला. "लावली!"

टक्. इतका बारीक आवाज. पण पट्टी नखभर हलली, मुंगूसच्या नाकाकडे!

"बाहेर!" भोंगा गरजला.

काका डबा ठेवून उठले.

"आता उजवा! पळ!"

मुंगूस उलटा सरपटत आला, गुडघे सोलले, उजव्यात घुसला. हा भोंगा आतून अगदी तसाच होता, फक्त सगळं उलटं. तिथं पहिलं वळण डावीकडे होतं, इथं उजवीकडे. आरशात शिरल्यासारखं! काका मैदानाच्या मध्यापर्यंत आले होते. मिरची वळून बघते तर काय, ते सरळ तंबूकडे निघालेले! तंबूत कासव. आणि काका वायर मशीनला जोडतील, बटण दाबतील, तेव्हा मुंगूस आत असेल. खिळे नाचवणारा तो आवाज, आणि मुंगूसचे कान त्यापासून हातभर अंतरावर!

मग मिरचीने आजवर जे आवरायचा प्रयत्न केला होता तेच केलं. भडकली.

"काका!" ती त्यांच्या वाटेत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्हाला काय येतं हो?"

"काय म्हणालीस?"

"काय येतं, विचारलं! पाच पेचकस लावून फिरता. त्यातला एक तरी वापरता येतो का?"

काका लाल झाले. "कार्टे, तुझ्या जन्माच्या आधीपासून..."

"वीस वर्षं! माहितीय! एकच काम वीस वर्षं चुकीचं केलं तर ते बरोबर होतं का?"

"मी चुकीचं? मी? अगं, नदीपलीकडच्या मेळाव्यात पावसात भिजलेलं मशीन मी..." आणि काकांनी गोष्ट सुरू केली. मग दुसरी. ते बोटं मोजून सांगत होते, आणि मिरची प्रत्येक गोष्टीला "ह्यॅ!" म्हणत होती. तिसऱ्या गोष्टीच्या मध्यावर तिच्या मागून, उजव्या भोंग्यातून आवाज आला: "आत! ताई, आत गेली!"

"हे कोण बोलतंय मघापासून?" काका दचकले.

"कुठं कोण? उन्हात होतं असं कधी कधी," मिरची म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "एवढं येतं ना तुम्हाला, मग बाईंना बोलवा. मामालाही बोलवा. सगळ्यांसमोर दोन्ही भोंगे वाजवून दाखवा, भंगार आहेत ते!"

"दाखवतोच!" काका गरजले. "साडेतीन वाजता! बाईंना आणतो, तुझ्या मामाला आणतो, आणि होत्या तशा वायरी लावून दाखवतो!" ते तरातरा फाटकाकडे निघाले, डबा घ्यायलासुद्धा विसरले.

मुंगूस भोंग्यातून बाहेर आला. केसांत भुसा, नाकावर काळा रंग, चेहऱ्यावर चांदणं पसरलेलं. "डाव्यात बाहेर, उजव्यात आत! कासव जिंकला!"

तिघं भोंग्यांच्या मागे धावली. वायर जोडायला प्रत्येकाच्या पाठीला दोन खुंट्या होत्या, दोन्ही काळ्याकुट्ट. डाव्या भोंग्यावर लाल वायर डावीकडच्या खुंटीला. उजव्यावरही लाल वायर डावीकडेच.

"सारखंच तर जोडलंय," मुंगूस म्हणाला.

मिरचीने नाक खुंटीला लावलं. मग खिळा उचलून रंग खरवडला. डाव्या भोंग्याची डावी खुंटी काळ्याखाली लाल निघाली. बरोबर! ती उजव्या भोंग्याकडे गेली, तिथली डावी खरवडली. काळ्याखाली काळीच. लाल निघाली ती उजवीकडची!

"मामाने खुंट्या उलट्या लावल्या? का बरं?"

"उलट्या नाही," कासव म्हणाला. या वेळी त्याने काडी फिरवलीच नाही. "डावं-उजवं केलं. कपाटाच्या दारांसारखं! दोन दारं एकसारखी करून चालत नाही ना? एकाची कडी उजवीकडे, तर दुसऱ्याची डावीकडे. बाबाने वीस वर्षं असंच केलंय. पहिला भोंगा पूर्ण केला, त्याच्यासमोर दुसरा उभा केला, आणि हात आपोआप जोडी करत गेले. आतली वळणं, उचलायच्या मुठी, खुंट्या, सगळं!"

"आणि मामीने त्यावर तीन हात काळा रंग दिला," मुंगूस म्हणाला.

"आणि पाच पेचकसवाल्याने बघितलंच नाही," मिरची म्हणाली. तिने उजव्या भोंग्याच्या दोन्ही वायरी सोडवल्या, लाल लालवर लावली, काळी काळीवर, आणि खुंट्या पिळून घट्ट केल्या. "आता एक अक्षर बोलायचं नाही. कुणीच! काय ते भोंगे बोलतील."

साडेतीनला सगळे जमले. बाई घड्याळ बघत होत्या. मामाने टेम्पो फाटकाशी उभा केला होता, खांद्यावर दोर होता. मामीने मुंगूसचे सोललेले गुडघे बघितले आणि तोंड उघडलं, पण मिरचीने तिचा हात घट्ट दाबला.

काकांनी तंबूतल्या वायरी मशीनला जोडल्या आणि घसा साफ केला. "बाई, तुमच्या कानांनी ऐका. खर्जाचं बटण टोकापर्यंत वर आहे. टोकापर्यंत! आणि तरी या कपाटांतून काही म्हणजे काही..."

बटण दाबलं गेलं.

पुढचं वाक्य कुणालाच ऐकायला आलं नाही. काकांचं तोंड हलत होतं, एवढंच दिसलं.

तो आवाज नव्हताच, जमिनीनेच उठून अंग झाडलं होतं. मंचाच्या फळ्या गुणगुणल्या. बादलीतलं पाणी नुसतं हललं नाही, त्याचे थेंब उड्या मारायला लागले. काकांच्या खिशातले पाचही पेचकस किणकिणले. नदीपलीकडच्या झाडांवरून पाखरांचा मोठा थवा उठला आणि आभाळात वळला. मिरचीला आपली बरगडी न् बरगडी मोजता येत होती. एक अधिक एक दोन नव्हते. एक अधिक एक म्हणजे किती, ते सांगायला आकडाच नव्हता!

मामाच्या खांद्यावरचा दोर खाली पडला.

काकांनी दोन्ही हातांनी बटण खाली ओढलं तेव्हा नदीपलीकडून शेवटचा ठोका परत आला आणि विरला. मग मिरचीला राहवेना. तिने सगळं सांगितलं, एका श्वासात, मधे मधे कासवाला ढोसत. बॅटरी, पट्टी, बाहेर, आत, दारांची जोडी, खुंट्या.

काका भोंग्यांमागे गेले. वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मिरचीने भांडायची तयारी केली, मुठी आवळल्या. पण काका सरळ झाले ते डोकं खाजवतच.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी तपासायला पाहिजे होतं. एक मिनिटाचं काम."

"नाही हो, माझी," मामा म्हणाला. "भोंग्याला कशाला डावं-उजवं! मीच दारं समजून बसलो."

"वा रे वा!" मामी पुढे आली. "खुंट्या कुणी रंगवल्या? चूक माझी आहे. तुमच्या दोघांची कशी असेल?"

"वहिनी, तुम्ही मधे पडू नका, मी म्हणतोय ना माझी!"

"आवाज चढवू नका! माझी म्हणजे माझीच!"

बाई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि एकदम खो खो हसत सुटल्या. "सकाळी चूक कुणालाच नको होती. आता वाटून घ्यायला पुरत नाहीये!" त्यांनी ट्रकवाल्याला फोन लावला. "येऊ नका. आमच्याकडे आहेत. तुम्ही ऐकले नसतील असे आहेत." मग त्या तिन्ही मुलांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मोठ्या माणसांनी कान असून ऐकलं नाही, तुम्ही ते बादलीतल्या पाण्यात बघितलंत. शाबास! आणि सुतारदादा, पुढच्या मेळाव्याला मला असले चार हवेत."

"चारही एकसारखे!" मामी आणि कासव एकदम ओरडले.

काकांनी मिरचीला बाजूला बोलावलं. "ए तिखट, भांडायला मुद्दाम आली होतीस ना?"

"अर्धं मुद्दाम," मिरची म्हणाली. "अर्धं खरंच."

"आत भाऊ होता. सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"सकाळी नसतं ऐकलं मी," काका म्हणाले. "पण भोंग्यात माणूस असताना मशीनजवळ कुणी जायचं नाही, आणि वायरीची टोकं बाहेरच्या साथीदाराने शेवटपर्यंत स्वतःच्या हातात धरायची. हे मात्र माझ्याकडून शिक. आज माझ्याबरोबर तंबूत बसायचं तुम्ही तिघांनी. शिकवतो."

पाच वाजता मैदान भरलं. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी कासव म्हणाला, "बाबा कुठाय?" तिघं शोधायला पळाली. मामा गर्दीत नव्हता. तो पार मागे, जिथं मैदान संपतं आणि दगडी कुंपण सुरू होतं तिथं एकटा उभा होता. तिघं त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. लांबवर मंच काड्यापेटीएवढा दिसत होता आणि ढोल वाजवणारी बाई बोटाएवढी.

तिने हात उचलला. खाली आणला. तिचा हात ढोलावर पडलेला दिसला, पण आवाज नाही. क्षणभर काहीच नाही. तो निघाला होता, हजार माणसांच्या डोक्यांवरून येत होता. आणि मग आला, छातीवर कुणी मोठा, मऊ हात ठेवावा तसा.

"इथवर!" मामा पुटपुटला. "इथवर आला!"

मुंगूसने तोंड उघडं ठेवलं होतं. दगडी कुंपणाला टेकलेल्या त्यांच्या पाठींत पुढचा ठोका आला, आणि मामा डोळे मिटून उभाच राहिला, गाणं संपून टाळ्या थांबल्या तरी.